बायकांच्या कुंडाचे तापमान

दिनांक १९ जानेवारी २०२५, रविवार. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी नांदेडच्या घराला कुलूप लावले. पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली, दोन पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, रक्तदाबाची गोळी, प्रयोगशाळेतली एक तापमापी आणि एक जुनी वही होती. तापमापी पुठ्ठ्याच्या नळीत होती व नळीच्या दोन्ही तोंडांना कापूस लावलेला होता. वही १९७९ सालची होती.

सहल उनकेश्वरची होती. किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या बाजूला हे गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, महादेवाचे जुने देऊळ आहे, आणि कातडीचे विकार बरे व्हावेत म्हणून कित्येक पिढ्या लोक तिथे अंघोळीला येत आले आहेत. मला कातडीचा विकार नाही. देवदर्शनाची ओढही नाही. मी एक आकडा तपासायला निघालो होतो.

नांदेडच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षे विज्ञान शिकवले. १९७९ च्या जानेवारीत, लग्नाला वर्ष झालेले असताना, मी पत्नीला घेऊन उनकेश्वरला गेलो होतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी झऱ्याच्या पाण्याची नोंद हवी होती. कुंडे दोन होती, एक पुरुषांचे व एक बायकांचे, आणि मध्ये भिंत होती. पुरुषांच्या कुंडाचे तापमान मी स्वतः घेतले. ते एकेचाळीस अंश भरले. बायकांच्या बाजूला मला जाता येणार नव्हते. तापमापी पत्नीकडे दिली, कशी धरायची ते दोनदा समजावले, आणि दाराबाहेर उभा राहिलो.

ती बाहेर आली व साडेत्रेचाळीस म्हणाली. मी वहीत आकडा लिहिला आणि लगेच म्हणालो की हे शक्य नाही. पाणी एकाच झऱ्याचे आहे.

"तू बाहेर काढून वाचलंस."

"पाण्यातच ठेवून वाचलं की," ती म्हणाली.

"मग फुग्याला हात लागला असेल."

तिने तापमापी माझ्या हाती दिली. दाराशी चार अनोळखी बायका ओले केस पुसत उभ्या होत्या आणि त्या ऐकत होत्या. मी साडेत्रेचाळीसवर रेघ मारली व बाजूला एकेचाळीस लिहिले. प्रदर्शनातल्या तक्त्यावर दोन्ही कुंडांपुढे एकेचाळीस गेले. तक्त्याला तालुक्यात दुसरा क्रमांक मिळाला.

गेल्या श्रावणात ट्रंकेला वाळवी लागली म्हणून कागद उन्हात काढले, तेव्हा ही वही हाती आली. मी ते पान उभ्यानेच वाचले आणि मग खाली बसून पुन्हा वाचले. जानेवारीची सकाळ होती, हवा थंड होती. गरम पाण्यातली तापमापी थंड हवेत काढली तर पारा उतरतो, चढत नाही. हाताचेही तसेच. माणसाच्या हाताची उष्णता सदतीस अंशांच्या वर जात नाही. हाताच्या उष्णतेने पारा साडेत्रेचाळीसवर कसा जाईल? मी दिलेली दोन्ही कारणे चूक होती. आठवीच्या विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर मी त्याला शून्य गुण दिले असते. हे माझ्या ध्यानात यायला पंचेचाळीस वर्षे लागली. पत्नीला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

आणखी एक गोष्ट त्या पानावर दिसली. शाळेत माझा नियम होता की नोंदवहीतला आकडा बदलायचा तर एकच रेघ मारावी, खालचा आकडा वाचता यावा, आणि बाजूला छोटी सही करावी. सही नसलेली खाडाखोड मी कारकुनाची, शिपायाची, मुख्याध्यापकांचीही चालवून घेतली नाही. त्या पानावर माझी रेघ होती, सही नव्हती.

कारण चुकले याचा अर्थ तिचा आकडा बरोबर होता असा होत नाही. तो पुन्हा मोजूनच ठरवावा लागणार होता. त्यासाठी तापमापी पुन्हा बायकांच्या कुंडात जायला हवी होती. ती घेऊन जाईल असे आता घरात कोणी नव्हते.

आमच्या वसाहतीतल्या ज्येष्ठांच्या मंडळाने जानेवारीची सहल उनकेश्वरला ठरवली, तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव दिले. मंडळाच्या सहलींना मी एरवी जात नाही. मंडळाचे काम पाहणारे गृहस्थ मूळचे उदगीरचे, कापडाचे व्यापारी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, दुकान आता मुलाच्या हाती. त्यांनी माझे नाव लिहून घेतले आणि विचारले, "सर, एकच सीट ना?" विचारल्यावर त्यांचे त्यांनाच कसेसे झाले. मी एकच म्हणालो.

बस सहा वाजता निघाली. सोबत एक मार्गदर्शक होती. वय पंचविशीचे, किनवटकडची मुलगी, इतिहासात एम. ए. झालेली. तिच्या हातात ध्वनिक्षेपक आणि यादी होती. यादीत बहुतेक नावे नवरा-बायकोंची असल्यामुळे ती जोड्याच मोजत होती. बसमध्ये पुढून मागे आली आणि मोठ्याने म्हणाली, "तेरा जोड्या आणि एक सर." मागच्या चाकावरची दोन माणसांची बैठक मला मिळाली होती. शेजारी मी पिशवी ठेवली.

भोकरपर्यंत अंधार सरला. कापसाची शेवटची वेचणी राहिलेली शेते, तुरीच्या काड्यांचे ढीग, मध्येच हरभरा. बसमधल्या बायकांनी आधी भजने म्हटली, मग उखाणे घेतले. मी वहीतले पान उघडून पाहिले व मिटले. भोकरला चहा झाला. निघताना मार्गदर्शक मुलीने पुन्हा मोजले. तेरा जोड्या आणि एक सर.

हिमायतनगरच्या पुढे तिने उनकेश्वरची माहिती सांगायला सुरुवात केली. शरभंग ऋषींची कथा तिने चांगली सांगितली. रामाने बाण मारला, जमिनीतून ऊन पाणी आले, ऋषींचा रोग गेला. कथेला माझी हरकत नव्हती. मग ती म्हणाली की या पाण्यात गंधक आहे आणि गंधकामुळे पाणी तापते.

मी उभा राहिलो. गंधकाने पाणी तापत नाही, असे मी सांगितले. पाणी जमिनीत खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते, आणि वर येताना वाटेतल्या खडकातले गंधक बरोबर घेऊन येते. शेवटी म्हणालो, "तुम्ही वाचून येत जा. ध्वनिक्षेपक हाती आहे म्हणून लोकांना वाटेल ते सांगू नका."

 मुलगी "सॉरी सर" म्हणाली, ध्वनिक्षेपक बंद केला आणि चालकाच्या मागच्या जागेवर जाऊन बसली. तिचे कान लाल झालेले मला इतक्या मागूनही दिसत होते. पुढच्या बाकावरून कापड व्यापाऱ्यांच्या पत्नीने मान वळवली. या बाई सत्तरीच्या, अंगाने भारी, आणि माझ्याशी थट्टा करणाऱ्या वसाहतीतल्या एकट्या.

"सर, आता आमची परीक्षा कवा घ्यायलाव?" त्या म्हणाल्या. "आदीच सांगा. आमी बी वाचून येताव."

लोक हसले. मी बसलो. मी सांगितले ते बरोबर होते, याबद्दल मला आजही शंका नाही. पण किनवट येईपर्यंत रस्त्याकडे पाहताना दाराशी केस पुसणाऱ्या त्या चार बायका मला आठवत राहिल्या.

उनकेश्वरला आम्ही पावणेदहाला पोचलो. सागाचे रान आता रस्त्यापासून मागे हटले आहे. दुकाने वाढली आहेत, पार्किंग झाले आहे. देवळाचा काळा दगड तोच आहे. मार्गदर्शक मुलीने सर्वांना मंडपात उभे करून बांधणी दाखवली. तिथल्या यादवकालीन शिलालेखाविषयीही ती बोलली, हळू आणि जपून बोलली, आणि शेवटी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "यात काही चुकलं असेल तर सर सांगतील."

शिलालेखातले मला काही कळत नव्हते. 

मग अंघोळी. पुरुष एकीकडे गेले, बायका दुसरीकडे. कुंडांना आता फरशी बसवली आहे, मधली भिंत उंच केली आहे, बायकांच्या दाराला पडदा आहे आणि पडद्यापाशी एक म्हातारी स्टुलावर बसलेली असते. गंधकाचा वास जसा होता तसाच आहे. मी पायरीवर बसलो, तापमापी पाण्यात धरली, घड्याळाकडे पाहून तीन मिनिटे मोजली. चाळीस अंश. पाच मिनिटांनी पुन्हा घेतले. चाळीस. वहीचे नवे पान काढून तारीख, वेळ व आकडा लिहिला.

कापड व्यापारी गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते. "सर, आत या की," ते म्हणाले. "भाईरून काय कळतंय पान्याचं?" मी कंबरेपर्यंत उतरलो. गुडघ्यांना बरे वाटले. सभोवती तेरा पुरुष आपापल्या गुडघ्यांविषयी बोलत होते आणि मधूनमधून भिंतीपलीकडे हाक मारून बायकोला विचारत होते की टॉवेल कुणाकडे आहे, साबण कुठल्या पिशवीत आहे. पलीकडून उत्तरे येत होती. मी दहा मिनिटांत बाहेर आलो.

बायकांच्या बाजूने कोणाला सांगावे, हा प्रश्न राहिला होता. तेरा बायकांपैकी ज्यांच्याशी माझे बोलणे आहे अशा कापड व्यापाऱ्यांच्या पत्नी एकट्याच. त्या भिजलेल्या पातळाचा पिळा हातात घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मी तापमापी पुढे केली आणि काम सांगितले.

"पान्याला बी सोडंनात सर," त्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आना हिकडं. पास करायचंय का नापास, तेवढं सांगून ठिवा."

त्या आत गेल्या. चार मिनिटांनी आल्या त्या चष्मा पदराने पुसत. वाफेने चष्मा धुरकटला होता; काढला तर बारीक रेघा दिसत नव्हत्या. "काय दिसंना झालंय," त्या म्हणाल्या. "लई गरम हाय. तुमी तेवढंच लिवा."

मी आभार मानून तापमापी परत घेतली. बाकीच्या बारा जणींचे चष्मेही असेच जाड होते. चष्मा नसलेले, बारीक रेघा वाचू शकणारे डोळे त्या बसमध्ये एकाच बाईचे होते, आणि तिला मी सकाळी सत्तावीस माणसांसमोर खाली बसवले होते.

जेवणे धर्मशाळेच्या ओवरीत झाली. प्रत्येक जोडीने डबा मधे ठेवून घेतला होता. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, दही. मला तीन ठिकाणांहून बोलावणे आले. मी पोळ्या आणल्या आहेत असे सांगून बायकांच्या दारासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. शेहेचाळीस वर्षांपूर्वी मी जवळपास याच जागी उभा होतो.

तिथे बसून मी ज्याचा विचार केला ते येथे लिहून ठेवतो.

उनकेश्वरहून परतल्यावर पत्नीने घरात कधी तापमापीचा आकडा वाचला नाही. आमच्या मुलीला ताप आला की ती थर्मामीटर लावायची, वेळ मोजायची, काढायची आणि माझ्या हाती द्यायची. "तुम्हीच वाचा," म्हणायची. मी शाळेत असलो तर तो टेबलावर ठेवून माझी वाट पाहायची. तापाच्या थर्मामीटरची रचना अशी असते की अंगापासून दूर केला तरी, झटकेपर्यंत, पारा चढला तिथेच थांबतो. त्यामुळे संध्याकाळी येऊन वाचले तरी आकडा तोच मिळे. मला ही तिची सवय वाटली. घरातली काही कामे तिची, काही माझी. हे माझे, असे मी धरून चाललो.

२०२२ च्या पावसाळ्यात तिला निमोनिया झाला. एके दिवशी मी लातूरला, नातेवाइकांकडच्या कार्याला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तेव्हा ती पांघरूण घेऊन पडली होती. थर्मामीटर टेबलावर होता. तिने दुपारी तीन वाजता लावला होता आणि न वाचता ठेवला होता. मी वाचला. एकशे तीन. घड्याळात सव्वासहा झाले होते.

"वाचला का नाहीस?" मी विचारले.

"तुम्ही येणारच होता की," ती म्हणाली.

त्याच रात्री तिला दवाखान्यात भरती केले. बाराव्या दिवशी ती गेली. तीन तास आधी आणले असते तर फरक पडला असता का, असे मी डॉक्टरांना विचारले होते. ते नाही म्हणाले. त्या नाहीवर मी पुढे प्रश्न विचारला नाही.

पावणेदोन वाजले होते. बस अडीचला निघणार होती. मार्गदर्शक मुलगी देवळाच्या पायरीवर एकटीच डबा खात होती. चालक बसमध्ये झोपला होता, आणि या सगळ्या जोड्यांमध्ये तिलाही बसायला जागा नव्हती. मी समोर जाऊन उभा राहिलो. ती डबा बाजूला ठेवून उठू लागली.

"बसा. जेवण होऊ द्या," मी म्हणालो. "माझे एक काम आहे. ते फक्त तुम्ही करू शकाल."

"सांगा सर." आवाज कोरडा होता.

"सकाळी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो. सांगितले ते बरोबर होते, पण ते तुम्हाला इथे उतरल्यावर बाजूला घेऊनही सांगता आले असते. ते मी केले नाही."

तिने डब्याचे झाकण लावले. "चूक माझीच होती, सर. इंटरनेटवर तसंच लिहिलंय." मग म्हणाली, "माझे बाबापण शिक्षक होते. असंच बोलायचे. काम काय आहे?"

मी तापमापी दाखवली. तिने ती नीट धरली. फुगा पाण्यात पूर्ण बुडवायचा, कडेला किंवा तळाला टेकवायचा नाही, तीन मिनिटे थांबायचे, डोळा पाऱ्याच्या पातळीवर आणून वाचायचे. हे सांगताना मी पाहिले की मी तेच शब्द त्याच क्रमाने सांगत होतो.

"पाण्यात ठेवूनच वाचू ना?" तिने विचारले.

"हो."

ती पडद्याआड गेली. मी दाराशी उभा राहिलो. म्हातारीने माझ्याकडे दोनदा पाहिले आणि बजावले, "बाबा, गड्यामानसानं हितं थांबू न्हाई. तिकडं सरा." मी चार पावले मागे सरलो. तिकडे ओवरीतून डबे आवरल्याचे आवाज येऊ लागले. चालक उठला, त्याने एकदा भोंगा वाजवला. माणसे बसकडे चालू लागली. सहा मिनिटे झाली. आठ झाली. तापमापी फुटली असावी असे मला वाटले. फुटली असती तर हा प्रश्न तिथेच संपला असता. दुसरी सहल धरून पुन्हा येणे माझ्याच्याने होणार नव्हते.

ती बाहेर आली. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती, चपला हातात होत्या. तापमापी तिने ओढणीत गुंडाळली होती.

"साडेबेचाळीस," ती म्हणाली. आणि मी तोंड उघडण्याआधीच पुढे म्हणाली, "पाण्यात ठेवूनच वाचलं. तीनदा वाचलं."

"तीनदा कशाला?"

"तुम्ही विचाराल म्हणून."

मी विचारले नाही. कट्ट्यावर वही ठेवून आकडा लिहिला. पुरुषांचे कुंड चाळीस, बायकांचे साडेबेचाळीस. फरक अडीच अंश. मागचे पान उघडून शेजारी धरले. पाणी शेहेचाळीस वर्षांत एका अंशाने निवले होते. फरक तेवढाच होता.

ती वाकून पाहत होती. "बरोबरच आहे की सर," ती म्हणाली. "झरा आमच्याच बाजूच्या भिंतीतून येतो. दगडी तोंड आहे, हात लावला तर भाजतो. तिथून खालच्या फटीतनं तुमच्याकडं जातं. पाणी आधी आमच्याकडं, मग तुमच्याकडं."

हे मला माहीत नव्हते. भिंतीच्या अलीकडून ते दिसत नाही. पत्नीने ते तोंड पाहिले असणार. तिने काय पाहिले, हे मी तिला विचारले नव्हते.

"हा खोडलेला आकडा कुणाचा आहे?"

"माझ्या पत्नीचा."

"आणि खोडला कुणी?"

"मी."

 तिने चपला पायात घातल्या. दोन पावले गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "घरी गेल्यावर सांगा त्यांना."

"बरे," मी म्हणालो.

बसमध्ये चढल्यावर तिने जोड्या मोजल्या. तेरा जोड्या आणि एक सर. किनवट ओलांडल्यावर ध्वनिक्षेपक सुरू झाला. सकाळची माहिती तिने दुरुस्त करून सांगितली. पाणी कुठे तापते, गंधक कुठून येते, हे माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगितले. मग म्हणाली, "आणि एक नवीन गोष्ट. बायकांच्या कुंडाचं पाणी पुरुषांच्या कुंडापेक्षा अडीच अंश जास्त गरम आहे. सरांच्या मिसेसनी हे शेहेचाळीस वर्षांपूर्वी मोजून ठेवलं होतं. आज आपण परत मोजलं. त्यांचं बरोबर होतं."

ते सगळे माझ्या पत्नीला ओळखत होते. वसाहतीत तिच्या हातची आंबट वरणाची पद्धत चार घरांत गेली होती. गौरीच्या सजावटीला तिला बोलावीत.  कापड व्यापाऱ्यांच्या पत्नी पुढच्या बाकावरून मागे वळल्या आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या.

"बाई कदी बोलल्या न्हाईत ह्ये," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो.

त्या उठल्या, दांड्यांना धरत पुढे गेल्या आणि मुलीच्या कानाशी काहीतरी बोलल्या. मुलीने एकदा मागे पाहिले. मग तिने ध्वनिक्षेपक पेटीत ठेवून दिला आणि नांदेडपर्यंत पुन्हा काढला नाही. भोकरला चहा झाला. निघताना ती मोजायला आली, पण जोड्या मोजल्या नाहीत. एकेका माणसाच्या खांद्याजवळ बोट नेत, मनातल्या मनात मोजत मागपर्यंत आली आणि माझ्याजवळ थांबून म्हणाली, "सत्तावीस."

साडेसहाला घरी पोचलो. कुलूप उघडले, दिवा लावला. ओला टॉवेल दोरीवर टाकला. एक पोळी उरली होती ती दुधाबरोबर खाल्ली. भांडे घासून पालथे घातले.

मग टेबलाशी बसून १९७९ ची वही उघडली. बायकांच्या कुंडापुढच्या एकेचाळीसवर एक रेघ मारली, अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर साडेत्रेचाळीस लिहिले. बाजूला छोटी सही केली व आजची तारीख घातली. दुरुस्तीचे कारण लिहायला त्या ओळीत जागा थोडी होती. "मूळ नोंद बरोबर," एवढे मावले.

प्रयोगशाळेतली तापमापी साध्या पाण्याने धुतली, पुसली आणि पुठ्ठ्याच्या नळीत ठेवली. नळी ठेवायला कपाट उघडले तेव्हा वरच्या फळीवर तापाचा थर्मामीटर दिसला. त्या संध्याकाळी दवाखान्यात जाण्याच्या घाईत मी तो न झटकताच ठेवला होता, आणि नंतर हात लावला नव्हता. डबीतून काढून दिव्याखाली धरला. पारा एकशे पाचावर होता. एकशे तीन राहिलेच नव्हते. नांदेडच्या दोन उन्हाळ्यांत बंद कपाटात तो आपोआप वर चढला असणार; हे मला आधीच सुचायला हवे होते.

मी तो चार वेळा झटकला. पारा पंचाण्णवच्या खाली आला. डबीत ठेवून झाकण लावले आणि कपाट बंद केले.